चाळा

शाळा सुटली की बाकांखाली झाडू घालते मी
आणि मुलं वाचते.
तिसरी रांग, शेवटून दुसरं बाक :
खोडरबराची चुरी, चावून पांढरं पडलेलं टोपण,
आणि त्या फोड दाबायच्या जांभळ्या खेळण्याचा
तुटका कोपरा.
म्हणजे आज लेलोचा गणिताचा पेपर होता.

बाईंनी एकदा टोपली फिरवली वर्गातून.
गरगर फिरणाऱ्या चकत्या, ताणले की रॉकेलसारखे वास मारणारे साप,
टुकटुक, टकटक, सगळं गोळा केलं.
म्हणाल्या, उर्वे, टाकून दे.

टाकून दे. कुठे?
बेटावरची माणसं आम्ही, आमचं टाकलेलं फार लांब जात नाही.
मार्चमध्ये बर्फ फुटला की समुद्र एकेक वस्तू
किनाऱ्यावर आणून ठेवतो,
शेजारणीनं उसनं नेलेलं भांडं
न बोलता दाराशी ठेवावं, तसं.

घरी हिल्लर बसलेला.
चाळीस वर्षं जाळी विणलेले हात
मांडीवर, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.
त्या थरथरीला डॉक्टर एक लांबलचक नाव देतात.
मी म्हणते, होडी विकली
हे हातांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

जेवताना बोलले त्याच्याशी लेलोबद्दल.
बारा वर्षांची पोर. बोटं थांबली की डोकंही थांबतं, म्हणते.
बाही चघळते, नखं कुरतडते रक्त येईपर्यंत.
तो सूप ढवळत राहिला.
सकाळी पाहते तर कुंपणापलीकडचं वठलेलं जुनिपर
अंगणात आडवं, आणि सगळ्या घराला
मिरीसारखा वास.

सुरी मी धरली. कानस त्यानं.
कानशीला थरथर चालते.
उलट, तिला तेच हवं असतं.

मुठीत मावेल, पण तिच्या दोन वर्षांच्या भावाच्या
तोंडात मावणार नाही, एवढा तुकडा.
अंगठ्यासाठी एक खळगा.
रंग नाही, जवसाचं तेल फक्त, कारण ती चावणार हे ठरलेलंच.
माझा जुना नायलॉनचा मोजा त्यावरून फिरवला :
धागा अडकला तर कूस आहे.
तीनदा अडकला. तीनदा पुन्हा घासला.
एका टोकाला भोक, त्यात अंबाडीची दोरी,
आणि दोरीला जाळ्याची गाठ,
सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची.

लेलोनं आधी वास घेतला. मग चावला.
मग म्हणाली, हा आवाज करत नाही.
तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी आमच्या शेडमध्ये अकरा मुलं.
रूबेननं साबणाच्या पाण्यात लोकर मळमळून चेंडू केला,
तो हुबेहूब मेलेला उंदीर दिसतो
आणि रूबेनला दुसरा नको आहे.
काउरचा तुकडा चिरेवर फुटला; त्यानं तो चुलीत टाकला,
हात शेकले, नवा घेतला.
हिल्लर कुणाला काही शिकवत नाही.
गाठ बांधतो, सोडतो, गाठ बांधतो,
मुलं त्याच्या बोटांकडे बघतात
आणि थरथर बघत नाहीत.

झाडायला आता कमी वेळ लागतो, असं म्हणणार होते,
पण तसं नाही. लोकरीचे पुंजके तर
फळ्याच्या चौकटीवरही सापडतात.

काल तपासणीला गेलो होतो. लांब रांग.
हिल्लरच्या कोटाच्या खिशात काहीतरी हलत होतं.
खिशात हात घातला मी :
तेलानं आणि घामानं काळा पडलेला तुकडा,
कडेला बारीक दातांचे चार व्रण.

बदलून घेतला, म्हणाला. तिला माझा दिला.
मग बराच वेळ काही नाही.
नर्सनं नाव पुकारलं तेव्हा उठता उठता म्हणाला,
माझा तिला अजून बसत नाहीये नीट.
म्हणते, झिजवावा लागेल.